गोपीचंदभाऊंची नसलेली मांजर

नवेगाव बांधच्या गोपीचंदभाऊंनी परदेशात मांजर पाळली, ही बातमी गावात आली तेव्हा चहाच्या टपरीवर दोघांना ठसका लागला. ज्या माणसानं ओसरीत मांजर दिसली की पायातली चप्पल भिरकावली, तो तिकडं जाऊन तिला मासे चारतो? बातमी खोटीच होती. पण ती उठवली होती खुद्द भाऊंनी, म्हणून सांगावी लागते.

सून पुष्पांजली नर्स. तिला आयर्लंडमध्ये समुद्राकाठच्या एका लहानशा गावात नोकरी लागली. मुलगा वीरेंद्रही तिच्यासोबत गेला नि तिथल्या गोदामात चिकटला. भाऊंची बायको वारल्यावर या दोघांनी त्यांनाही नेलं. तेव्हापासून भाऊंचा आ वासलेला तो वासलेलाच. आजीच्या वयाच्या बाया कडाक्याच्या थंडीत समुद्रात उतरतात आणि हसत बाहेर येतात. चांगला कोटबिट घातलेला माणूस कुत्र्याची घाण थैलीत भरून जपून नेतो. ते पाहिलं त्या दिवशी भाऊ जेवले नाहीत.

पण खरा धक्का वेगळा होता. नवेगावात घरून टपरीपर्यंत जायचं म्हणजे दहा जण अडवणार, "कुठं चालले?" म्हणून. इथं भाऊ अख्खा किनारा तुडवून येत आणि कोणी हूं का चूं करत नसे. लोक कुत्र्याची विचारपूस करत, पण भाऊंकडं कुत्रा नव्हता.

मग एक दिवस ते मासळीच्या दुकानात शिरले. दुकान मॉरीन नावाच्या विधवेचं. हात सुतारासारखे, आवाज बसच्या कंडक्टरसारखा. तिनं भाऊंच्या डोळ्यांदेखत हा एवढा थोरला मासा घेतला, डोकं उडवलं आणि कचऱ्याच्या बादलीत टाकलं. त्यावर दुसरं. त्यावर तिसरं. भाऊंना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

आता नवेगावात माशाचं डोकं म्हणजे काय, हे ज्याला माहीत नाही त्याला हा धक्का कळायचा नाही. भाऊंच्या घराण्यानं तलाव बांधलेले. त्यांच्या घरी पाहुणा आला की रस्सा कोणालाही मिळे, डोकं मात्र पंक्तीत ज्याचा मान मोठा त्याला. भाऊंच्या बहिणीच्या लग्नात कतल्याचं डोकं चुकून धाकट्या जावयाच्या ताटात पडलं, तर थोरला जावई दुर्गाप्रसाद हात धुऊन उठला आणि पुढं कितीतरी वर्षं त्या उंबऱ्याला शिवला नाही. असं ते डोकं, इथं केराच्या बादलीत.

राइस मिलमध्ये ट्रकच्या पावत्या फाडता फाडता जेवढं इंग्रजी अंगाला लागलं होतं, तेवढं गोळा करून भाऊंनी बादलीकडं बोट दाखवलं. मॉरीननं विचारलं, "मांजरासाठी?"

इथं भाऊ अडकले. मी खातो म्हणावं, तर तलाव बांधणाऱ्यांचा वारस केरातलं मागून खातो असं होतं. भाऊ म्हणाले, "येस."

झालं. दर शनिवारी डोकी बांधून तयार. वर मॉरीन नावानं हाक मारी, "गोपी!" घरी भाऊ सांगत की डोकी विकत आणली. त्या गावभरात त्यांना नावानं हाक मारणारी मॉरीन एकटी. मांजरीचं नाव विचारलं तर भाऊंनी घाईत 'जमुना' सांगून टाकलं. जमुनाबाई म्हणजे त्यांच्या स्वर्गवासी पत्नी.

एका शनिवारी मॉरीन म्हणाली, "उद्या दुकान बंद आहे. तुझ्या जमुनाला भेटायला येते."

भाऊ घरी आले ते पांढरेफटक. वीरेंद्रनं सगळं ऐकलं आणि सोफ्यावर बसूनच घेतलं.

"बाबूजी, मांजर कायले सांगितली?"

"मंग का सांगू? मी खातो म्हून?"

"आन् तिले मायचं नाव देलं?"

"तोंडात तेच आलं रे."

पुष्पांजली स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून हसत होती. तिथूनच म्हणाली, "सांगून द्या ना बाबूजी, मांजर मेली म्हून."

"मांजर मारली तं काशीले सोन्याची मांजर द्यावी लागते, सूनबाई," भाऊ म्हणाले. "आन् हे तं जमुना होय."

भाऊंना भीती मांजरीची नव्हतीच. मॉरीनला कळलं की आपण तिला इतके महिने फसवलं, तर शनिवारची ती हाक बंद होणार. मग पुन्हा तो किनारा, आणि कुत्र्यांची विचारपूस.

रविवारी मॉरीन आली. हातात मांजराच्या खाण्याचे डबे आणि घुंगरू लावलेला लाल पट्टा. खाली वाकून तिनं सोफ्याखाली पाहिलं, पडद्यामागं पाहिलं, "जमुना, जमुना" अशी लाडानं हाक मारली. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोतून खरी जमुनाबाई बघत होती. वीरेंद्र खिडकीबाहेर पाहू लागला.

भाऊ उठले. आत जाऊन ताट वाढून आणलं. भात, लाल रस्सा, आणि मधोमध ते थोरलं डोकं, डोळ्यांसकट, तोंड मॉरीनकडं. ताट तिच्यापुढं ठेवून ते म्हणाले, "नो कॅट." मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून, "आय कॅट."

मॉरीन डोक्याकडं पाहत राहिली. डोकं मॉरीनकडं. एवढी दणकट बाई, जन्म मासे कापण्यात गेलेला, पण शिजलेल्या माशानं तिच्याकडं असं पहिल्यांदाच पाहिलं असावं. वीरेंद्रनं अडखळत मान कोणाचा, डोकं कोणाला, दुर्गाप्रसाद का रुसला, ते सगळं सांगितलं. तिनं ताटाशेजारचा काटा उचलला आणि डोकं जरासं पलीकडं ढकललं. भाऊंना वाटलं, संपलं.

मग तिनं काटा बाजूला ठेवला आणि विचारलं, "सुरुवात कुठून करायची?"

भाऊंनी गालाचं मांस दाखवलं. पुढं कुठं चोखायचं तेही दाखवलं. तिखटानं तिच्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या, पण ताटात हाडं तेवढी उरली.

पुढच्या शनिवारी भाऊ दारातूनच अंदाज घेत दुकानात गेले. "गोपी!" हाक आली, तशीच, कंडक्टरच्या आवाजात. पुडकं मात्र हलकं लागलं. उघडून पाहतात तर एकच डोकं, तेही पोराच्या मुठीएवढं. मोठं डोकं मॉरीननं काउंटरमागं आपल्या थैलीत ठेवलं होतं, आणि थैली पायानं आत सरकवत ती गंभीर चेहऱ्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होती.

भाऊ तणतणत घरी आले. घुंगराचा पट्टा आता त्यांच्या किल्ल्यांना बांधलेला, त्यामुळं ते येताना अख्ख्या गल्लीला कळलं. आल्या आल्या नवेगावच्या टपरीवरच्या जुन्या दोस्ताला, नंदलालला फोन लावला.

"थोरलं डोकं तिनं ठेवलं ना रे. मले लहानगं देलं. मले. मान कोणाचा, थे आपणच सांगतलं तिले, आन् मलेच."

नंदलालनं विचारलं, "मंग आता का करता? दुर्गाप्रसादवानी रुसून बसता का?"

"रुसतो तं," भाऊ म्हणाले. "पण शनिवारी जाऊन सांगतो तिले, रुसलो म्हून."