अर्धी गोळी

आमच्या थोरल्या साडूंइतका प्रामाणिक माणूस अख्ख्या जामखेड तालुक्यात झाला नसेल, आणि झाला असेल तर त्याच्या घरच्यांची मला दया येते. जामखेडला त्यांचं औषधांचं दुकान होतं. डॉक्टरची चिठ्ठी नसेल तर खोकल्याचं औषध द्यायचे नाहीत, आणि चिठ्ठी असेल तर आधी खोकून दाखवा म्हणायचे. गिऱ्हाईक तोडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. नव्वदनंतरची गोष्ट. मार्च महिन्यात एक गृहस्थ आले. मुलगी बारावीला, पुस्तक उघडलं की पेंगते, तेव्हा जागं राहायची गोळी द्या म्हणाले. साडूंनी चष्मा कपाळावर चढवला. "झोप हा आजार न्हाई. निजू द्या पोरीला." जत्रेतल्या कुस्त्यांच्या हगाम्याआधी एक पैलवान दम्याची गोळी मागायला आला. ती घेतली की अंगात वारं भरतं, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. साडूंनी त्याच्या छातीला कान लावला, भाता झकास चालतोय म्हणून तसाच परत धाडला, आणि वर हगाम्यात जाऊन समोरच्या पैलवानाच्या छातीलाही कान लावून आले.

ही दम्याची गोळी ते स्वतः घ्यायचे. बिचाऱ्यांना दमा, त्यात जामखेडचा फुफाटा. त्या काळची ती गोळी छाती मोकळी करायचीच, पण काळीज धडधडायचं आणि डोकंही लख्ख व्हायचं. साडूंचा हिशेब असा, की आपल्याला अर्ध्या गोळीत श्वास येतो, म्हणजे अर्धी हे औषध आणि उरलेली अर्धी ही लबाडी. तरीही शंका नको म्हणून गोळी घेतलेल्या दिवशी ते बायकोशी वाद घालायचे नाहीत. "आज मी गोळीवर हाय, तूच बोल," म्हणायचे. आमची मेहुणी, आक्का, म्हणायची की संसारात तेवढेच काय ते सुखाचे दिवस.

त्यांचा सगळा जीव बुद्धिबळात. गावच्या वाचनालयाच्या स्पर्धेत शेवटचा डाव दरसाल त्यांचा आणि एका निवृत्त तलाठ्यांचा व्हायचा. या तलाठ्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. अर्धी गोळी घेऊन खेळायला आपली हरकत नाही, असं साडूंनी त्यांच्याकडून लेखी घेतलं होतं, आणि तलाठीच ते, त्यांनीही खाली सही ठोकून दिली होती. नऊ वर्षं भाऊसाहेबच जिंकले. जिंकलेली ढाल वर्षभर घरी ठेवायची पद्धत होती. आक्कानं तिच्यासाठी बाहेरच्या खोलीतला एक कोनाडा रिकामा ठेवून त्यात विणलेला रुमाल अंथरला होता. दर दिवाळीला तो धुऊन परत तसाच अंथरायची.

दहाव्या वर्षी मीही तिथं होतो. बाहेर वावटळ उठली आणि साडूंना धाप लागली. ते मागच्या खोलीत जाऊन पाणी पिऊन आले, आणि मग काय खेळले म्हणता! तासाभरात भाऊसाहेबांचा राजा कोपऱ्यात. भाऊसाहेबांनी हात जोडले, अध्यक्षांनी ढाल उचलली, पुढच्या रांगेत आक्का पदर सावरत उभी राहिली. आणि आमच्या शहाण्यानं हात मागं घेतला.

"भाऊसाहेब, ढाल तुमची. मी आज अख्खी घेतली."

"अहो, दम लागला म्हणून घेतली ना?"

"दम अर्धीतच बसला हुता. दुसरी अर्धी डावासाठी घेतली."

मला असा संताप आला की विचारू नका. घरी आलो. आक्कानं भाकरी थापल्या, साडूंच्या ताटात तूप जरा जास्तच वाढलं आणि "जेवा आता" एवढंच म्हणाली. तेव्हा माझा राग गेला आणि या माणसाचा फार अभिमान वाटला, पण तोंडावर बोललो नाही. राहून गेलं ते राहूनच गेलं.

दोन वर्षांनी भाऊसाहेब गेले. त्यानंतर स्पर्धेला साडूंनी नाव दिलं नाही. दिवाळीत गेलो तेव्हा कोनाड्यात धुतलेला रुमाल होता आणि साडू पट मांडून एकटेच बसले होते. मी समोर बसलो.

"पाव्हनं, तुमाला घोडा तरी हलवता येतो का?" त्यांनी विचारलं. येत नव्हता. मग त्यांना धाप लागली. त्यांनी पाकिटातून गोळी काढली, बराच वेळ तळहातावर धरली.

"आता अख्खी घेतली तरी सांगायचं कुनाला?"

असं म्हणाले, आणि नखानं मोडून अर्धीच घेतली. उरलेली अर्धी कागदात गुंडाळून खिशात ठेवली.