पंच्याखालची जखम

"मावशी, तुझी नजर तिथं गेलीच कशी?"

वहिनींनी स्वयंपाकघरात विचारलं. हळू आवाजात नाही. पोळ्यावाली ऐकत होती. साहेब चहा पीत होते, ते हसले. म्हणाले, "वय बघ जरा स्वतःचं."

माझं वय तेव्हा त्रेसष्ट. पंचवटीतल्या त्या घरात मी साहेबांच्या वडिलांचं करायला होते. त्यांना सगळे नाना म्हणायचे. लकव्यानं डावी बाजू गेलेली, त्यात साखर. अंघोळ, कपडे, भरवणं माझ्याकडे. फक्त अंघोळीत कमरेचा पंचा सोडायचा नाही, हा वहिनींचा हुकूम. वरून पाणी ओतायचं, ओल्यावरच कोरडा गुंडाळायचा. पूजेला बसवण्याआधी वहिनी स्वतः त्यांच्यावर आणखी एक तांब्या ओतायच्या. माझा हात लागलेला ना.

त्या सकाळी पंचा सुटला. लघवीच्या जागेची कातडी पांढरी, जाड पडली होती. मागं सरत नव्हती. टोकाला चीर, त्यातून पाणी झिरपत होतं. वास येत होता. कित्येक महिने तिथं कुणी धुतलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

"दुखतं का, नाना?"

त्यांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. "मावशी, कुणाला सांगू नका हो." त्या घरात मला अहो-जाहो करणारं तेवढंच एक माणूस.

मी तरी वहिनींना सांगितलं. त्यावर स्वयंपाकघरातलं ते बोलणं ऐकलं.

"वहिनी, डॉक्टरला दाखवा," मी म्हणाले.

"असलं घाण बोलायचं असेल तर उद्यापासून येऊ नको."

काम हवं होतं. पंचा घट्ट बांधला आणि चार महिने वरून पाणी ओतलं. लघवीला बसवलं की नाना दात आवळायचे. मी भिंतीकडे बघायचे.

मग पंच्याला रक्त लागलं. तेव्हा कुठे दवाखाना. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, जांघेत गाठी आल्यात, फार उशीर केलात. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं.

"अंघोळ ही घालते. हिनंच नीट धुतलं नाही. या लोकांना स्वच्छता काय कळणार?"

नाना खाटेवर पडून ऐकत होते.

"साहेब," मी म्हणाले, "मी चार महिन्यांपूर्वी सांगितलं. तुम्ही हसलात. धुवायला तुम्ही दिलं नाय. माझ्यावर ढकलू नका."

"हळू बोल, लोक ऐकतायत," वहिनी म्हणाल्या.

"ऐकू द्या. हळू बोलण्यातच माणूस सडला."

तिथूनच मला काढलं. दीड महिन्यानं नाना गेले. शेवटचं तोंड बघायला गेले, तर फाटकातून आत घेतलं नाही.

साहेबांना बोलले ते खरंच होतं. पण रोज भिंतीकडे मी बघत होते, ते नव्हते. हे माझ्यानं पुसलं जात नाही.

आता नव्या घरी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगते. मी तिथंही धुणार. साध्या पाण्यानं, कातडी सहज सरेल तेवढीच सारून, मग टिपून कोरडं करणार. डाग, चीर, गाठ दिसली तर त्याच दिवशी बोलणार, आणि दवाखान्यात नेईपर्यंत रोज बोलणार. चालत नसेल तर दुसरी बाई बघा.

दोन घरांनी दारातूनच परत पाठवलं. आणखी पाठवतील. पाठवू देत. तोंड मिटून करायचं काम मी पुन्हा धरणार नाही.