सेल उतरले असतील

परवा महाडच्या बाजारात दुकानदाराने माझ्यासमोर दोन जाडे सेल ठेवले आणि मला कापडे गावची वरची वाडी आठवली. तेव्हा दोन एफएम केंद्रांना मिळून एकच अँटेना बसवायची होती, आणि ती निवडायचं काम माझ्याकडे होतं. एक चहूकडे सारखा आवाज पोचवणारी, दुसरी सगळा जोर महाड शहराकडे लावणारी. दुसरीचा आवाज वाड्यांवर पोचतो का, हे चाचणीच्या दिवशी वर चढून ऐकायचं होतं. मी उन्हाला कंटाळून खाली रसवंतीतच बसलो, कागदावर ‘स्पष्ट’ लिहिलं आणि तीच निवडली. केंद्रांचे मालक महाडातच ऐकणार होते. केंद्रं सुरू झाल्यावर पाहणीसाठी मात्र वाडीवर जावं लागलं. अंगणात पेंढ्याचा ऊनऊन वास होता. एका मावशीने लेकाने मुंबईहून आणलेला रेडिओ पदराने पुसून पुढे ठेवला. दोन्ही केंद्रांवर नुसती खरखर, तीही चांगली मोठ्याने. माझ्याऐवजी तीच ओशाळली. “सेल उतरलं असतील, नाय का सायेब?” मी म्हणालो, “हो, सेलच. बदलून बघा.” तिने लगेच पायात चपला सरकवल्या. आमची गाडी उताराला लागली तेव्हा ती सेल आणायला भर उन्हात खाली निघाली होती. गाडी बघून कडेला झाली आणि हसून हात केला. मी काच वर घेतली. “एकदम ताजे आहेत,” दुकानदार म्हणाला. तिचेही ताजेच होते.