भावोजींचे अर्धे सिंथेसायझर

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, यांनी आयुष्यभर लोकांच्या कवळ्या बनवल्या. कवळ्या मात्र ते पुऱ्या करत, कारण डॉक्टरांचा माणूस न्यायला दारात उभा असे आणि बिनदाताचं गिऱ्हाईक गप्प बसत नाही. सिंथेसायझरसाठी कुणीच खोळंबलेलं नव्हतं. म्हणून तो त्यांनी कधी पुरा केला नाही.

सिंथेसायझर म्हणजे काय हे मला ताईच्या लग्नानंतर कळलं. त्याला तारा नसतात, भाता नसतो. विजेपासून सूर काढायचा आणि बटणं फिरवून त्याला हवा तसा घोगरा किंवा गोड करायचा. भावोजींनी असे किती आरंभले याची गणती ताईनेही सोडून दिली होती. एक सुटकेसमध्ये होता, एक मेजाच्या खणात, एक बिस्किटांच्या मोठ्या डब्यात. एकाला कुणीतरी फेकून दिलेल्या ऑर्गनच्या पट्ट्या होत्या, पण आवाज नव्हता. एकातून एकदा आवाज आला होता म्हणतात. भावोजींनी आम्हाला हाका मारल्या, आणि आम्ही हात पुसून येईपर्यंत तो गेला.

त्यांची रीत ठरलेली. सुटे भाग आणायचे, दोन-चार तारा जोडायच्या आणि मग पेटी करायला बसायचं. पेटीला पॉलिश, पेटीवर सुबक अक्षरं. बाहेरून चकाकी आली की यांचा जीव त्यातून उडालाच. मग पेटी माळ्यावर. मी समोरच्याच बिऱ्हाडात राहते आणि लोकांचे कपडे उसवून बेताचे करून देते. अर्धवट शिवलेला सदरा कुणी अंगात घालून मिरवत नाही एवढं मला कळतं. भावोजी मिरवत.

मग त्यांच्या कारखान्यात दात छापणारं यंत्र आलं आणि भावोजी घरी बसले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केलं, की आता हे सगळे जिवंत करायचे. माळ्यावरून पेट्या खाली आल्या. जेवायच्या टेबलावर जागा उरली नाही, तेव्हा ताई आणि ते ताटं मांडीवर घेऊन जेवू लागले. मला वाटलं, माणूस आता तरी कामाला लागेल. लागला. त्यांनी सुरुवात केली ती बटणांपासून.

कवळीच्या हिरड्यांसाठी जो गुलाबी मसाला वापरतात, तो त्यांच्याकडे बराच उरला होता. त्यातून त्यांनी बटणं ओतली, घासली, चमकवली. प्रत्येक पेटीवर हिरडीच्या रंगाची गोंडस बटणं बसली. आत सगळा आनंदच. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो मी रोज समोरच्या दारातून बघत होते.

फोटो काढून ते त्यांच्या मंडळाला पाठवत. हे मंडळ म्हणजे घरी सिंथेसायझर बनवणाऱ्या हौशी माणसांचं, आणि त्यांचा म्होरक्या एक औषधवाला. या सगळ्यांच्या घरीही अर्धवट पेट्या पडलेल्या. अर्ध्यांनी अर्ध्याला पुरा म्हणायचं, असा तो कारभार. ‘वा’, ‘अप्रतिम’, ‘हात आहे की काय’, असं म्हणत त्यांनी भावोजींना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि तिथून ते बोलून बसले, की पुढच्या बैठकीला सुटकेसवाला वाजवून दाखवतो.

बैठक वाचनालयाच्या तळघरात होती. ताईबरोबर मीही गेले, खरं सांगायचं तर फजिती बघायला. भावोजींनी सुटकेस उघडली, पण आतली फळी स्क्रूने बंद होती. त्यांनी पट्ट्या दाबल्या आणि आवाज आला. बासरीसारखा, किंचित थरथरणारा, सुरात. माणसं पुढे सरकली. औषधवाल्याने डोळे मिटून मान डोलावली. मलाही क्षणभर वाटलं, आपण या माणसाला उगाच नावं ठेवली.

मग ताईकडे पाहिलं. तिचा चेहरा दगड झाला होता. ती माझ्या कानाशी म्हणाली, “हा नातीच्या खेळण्यातला आवाज आहे.”

तसंच होतं. माझ्या भाचीच्या, म्हणजे ताईच्या लेकीच्या, मुलीने एक प्लास्टिकचं वाजतं खेळणं आजीकडे ठेवलं होतं. भावोजींनी त्याच्या पोटातलं सगळं काढून सुटकेसमध्ये घातलं होतं आणि वर गुलाबी बटणं फिरवत होते. ती बटणं कशालाच जोडलेली नव्हती. तरी ती फिरवताना डोळे बारीक करायचे, ओठ आवळायचे. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात. जन्मभर दात करणाऱ्याला ते शिकवायला नको.

टाळ्या झाल्या. औषधवाला उठून म्हणाला, की पुढच्या बैठकीत यांनी पेटी उघडून आत काय कसं केलंय ते आम्हाला शिकवावं. भावोजी हसले. हसण्यातलं पाणी पळालेलं मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर ताई चपला काढता काढता एवढंच म्हणाली, “नातीचं खेळणं होतं तसं जोडून ठेवा. ती आली की मागेल.” आरडाओरडा नाही, टोमणा नाही. मी असते तर चांगली सोलून काढली असती. पण भावोजींना ते माझ्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं असावं, कारण खेळणं दुसऱ्याच दिवशी जोडून कपाटात परत गेलं.

त्यानंतर ते खरोखर कामाला बसले. यात थोरपणा कसला? गळ्याशी आलं म्हणून बसले. आता ऑर्गनच्या पट्ट्यांची पेटी घेतली, आणि घोडं पहिल्याच दिवशी पेंड खाऊ लागलं. आत तारांचा गुंता होता, कुठली तार कुठे जाते याची एकही खूण नाही. दोन भाग उलटे बसवलेले, एक सांधा नुसता थुंकी लावल्यासारखा चिकटवलेला. भावोजी हातातली डाख द्यायची कावी आपटून ओरडले, “हे कुठल्या गाढवाने जोडलंय?”

ताई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुम्हीच.”

एरवी ते भडकले असते. त्या दिवशी एकेक तार सोडवायला लागले. पुढचे आठवडे मी त्यांना बघत होते. नवीन बटण ओतलं नाही, फोटो पाठवला नाही. बोटं भाजली, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला, आणि तरुणपणच्या स्वतःला अशा शिव्या घातल्या, की मला घालायला काही उरल्या नाहीत. त्या बाबतीत आमचं पहिल्यांदाच एकमत झालं.

शेवटी ती पेटी बोलली. बोलली म्हणजे काय, डबा घासल्यासारखी गुरगुरली. एका वेळी एकच सूर, आणि खोली तापली की तो आपोआप वर चढायचा. मग एक बारीक स्क्रू पिळून त्याला खाली आणायचा. मी म्हटलं, एवढ्या वर्षांच्या खटाटोपातून हे निघालं होय? भावोजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण त्या दिवशी ते जेवताना दोनदा उठून सूर लावून आले.

बैठकीत त्यांनी पेटी उघडली आणि आतलं सगळं नीट समजावलं, कुठे चुकलं होतं तेसुद्धा. तळघरात माणसं दाटीने बसलेली, हवा गरम. सूर वर वर जात राहिला आणि भावोजी स्क्रू पिळत राहिले. एकाने जांभई दिली. टाळ्या वाजल्या, त्या शोकसभेत वाजाव्यात तशा. औषधवाला म्हणाला, “मागचा जास्त छान होता. तो का नाही आणला?”

मला वाटलं, आता हा माणूस खरं सांगेल आणि आयुष्यात एकदा तरी माझ्या नजरेत चढेल.

भावोजी म्हणाले, “तो मोडून टाकला.”

यात खोटं काहीच नव्हतं आणि खरंही काही नव्हतं. औषधवाला हळहळला, एवढी चांगली चीज मोडली म्हणून. भावोजींनी पेटी बंद करून उचलली. कौतुक न झालेल्या माणसाचं तोंड असतं तसं त्यांचं तोंड झालं होतं, पण पेटी त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. मागच्या वेळी सुटकेस त्यांनी एका हातात लोंबकळवत आणली होती.

ही पेटी माळ्यावर गेली नाही, टेबलावरच आहे. बाकीच्याही पुऱ्या करतो असं ते हल्ली पुन्हा म्हणायला लागलेत. अर्धी पेटी पुन्हा वर जाऊ नये म्हणून ताईने माळ्याची शिडी माझ्याकडे आणून ठेवली आहे. ते मागायला आले, तर देऊ नको म्हणाली. मी देणार नाहीच.

परवा मी तिच्याकडे एक पडदा शिवून द्यायला गेले होते. दुपार तापलेली, भावोजी एक पट्टी दाबून गुरगुराट ऐकत बसलेले. मी नाक मुरडलं. ताई स्वयंपाकघरात भांडी लावत होती, तिला बाहेरचं काही दिसत नव्हतं. तिथूनच ती म्हणाली, “अहो, चढलाय.”

भावोजींनी स्क्रू पिळला. तिने कान दिला आणि ती म्हणाली, “अजून थोडा.”