वैऱ्याचं ताट

नर्सबाईंचा हात आधी चालायचा, तोंड मागून. गरोदर बायकोच्या पोटात लाथ घालून वर तिला बैलगाडीत टाकून आणणारा नवरा कर्जतजवळच्या भिसेगावच्या दवाखान्यात आला, की बाई पहिल्यांदा त्याच्या कानाखाली अशी ओढायच्या की गाडीचे बैल बिचकावेत. मग पदर खोचून बायकोला आत घ्यायच्या. "आधी रोग, मग रोगी," असं म्हणायच्या. नवरे चरफडायचे, पण उलटून हात उचलायची एकाची छाती झाली नाही. पुढच्या खेपेलाही त्यांनाच बोलवावं लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मीही खाल्ली आहे. पहिल्या बाळंतपणात "मी मरते, मी मरते" म्हणून मी आळी डोक्यावर घेतली होती. बाईंनी एक सणसणीत ठेवून दिली आणि म्हणाल्या, "मेलीस की सांग मला. तोवर जोर कर." त्या रागात मी असा जोर केला की पोर बाहेर आलं.

बाई नगरकडच्या. नवरा लवकर गेला, एकुलता एक मुलगा. तो मिशनच्या शाळेत शिकवायचा, म्हणून आम्ही सगळे त्याला मास्तरच म्हणायचो. माझे यजमान रेल्वेत फायरमन, आमची खोली बाईंच्या शेजारी. लढाईची वर्षं होती ती. कर्जतला आम्हा ख्रिस्ती लोकांची जेमतेम सात घरं, आणि साखर रेशनवर, त्यामुळे नाताळच्या करंज्यासुद्धा गुळाच्या.

त्या करंज्यांची एक रीत बाईंनी आमच्या सात घरांत घालून दिली होती. नाताळच्या फराळाचं पहिलं ताट वैऱ्याचं. वर्षभरात ज्याच्याशी सगळ्यात वाईट वाजलं असेल, त्याच्या दारात ते आपण होऊन न्यायचं, आणि मगच चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीला हात लावायचा. माझी सासू आणि रेल्वेतल्या एका खलाशाची बायको नळावर एकमेकींच्या झिंज्या उपटून, कळशीनं डोकी फोडून बसल्या होत्या. बाईंनी सासूच्या हातात ताट दिलं आणि दंडाला धरून तिला खलाशाच्या दारापर्यंत नेलं. कुणी म्हणालं, माझं बाई कुणाशी वैर नाही, तर बाई म्हणायच्या, "मग तू खोटारडी तरी आहेस, नाहीतर मेलेली तरी."

नाताळच्या उपासनेत पाळकसाहेब मेंढपाळ, देवदूत, पूर्वेकडून भेटी घेऊन आलेले मागी लोक इथवर वाचून शास्त्र मिटायला लागले, की मागून बाईंचा आवाज यायचा, "पुढचं वाचा." पुढे हेरोद राजा बाळ येशूला संपवायला बेथलेहेमातली दोन वर्षांच्या आतली पोरं कापून काढतो. पाळकसाहेब कुरकुरायचे, "सणासुदीला कशाला ते रक्त, बाई?" त्यावर बाई म्हणायच्या, "रक्त आहे म्हणूनच तो आला. सगळं गोडीगुलाबीनं चाललं असतं तर त्याला काय पडली होती?"

आता बाईही नाहीत आणि ते वाचनही नाही. नातवंडांच्या नाताळात चांदण्या असतात, केक असतो, लाल टोपीचा म्हातारा असतो. असू दे, केक मलाही आवडतो. पण ताटाचं विचारलं तर म्हणतात, "आजी, आमचं कुणाशीच वैर नाही गं." अरे मेल्यांनो, दोघे सख्खे भाऊ एका जिन्यावर तोंड फिरवून जाता, ते काय प्रेमानं? असो. माझी जीभ चालायला लागली की थांबत नाही. आणि तिनं एकदा केवढा घोटाळा केला, तेच तर सांगायचं आहे.

त्या वर्षी पाऊस सरल्यावर डोंगराखालच्या कातकरवाडीत एक कातकरीण बाळंतपणात अडली. रविवार होता, म्हणून आईची पेटी घेऊन मास्तर बरोबर गेले. भर दुपारी बाई झोपडीतून हात धुवायला बाहेर आल्या, तर कोळशाच्या भट्टीजवळ ठेकेदाराच्या मुकादमानं एका कातकऱ्याला झाडाला बांधून घातलेलं. उशिरा आला, एवढाच त्याचा गुन्हा. पाठीची चामडी लोंबत होती. मास्तर मध्ये जाऊन उभे राहिले. हात उचलला नाही, शिवी दिली नाही, नुसते उभे राहिले. मुकादमानं कुऱ्हाडीचा दांडा घातला. एक खांद्यावर, एक हातावर, आणि तिसरा कानशिलावर. बाई धावत पोचल्या तेव्हा कानातून रक्त येत होतं. त्यांनी डोकं मांडीवर घेतलं, बोटांनी चाचपलं, आणि नर्सच त्या, त्यांना तिथंच कळलं. तिसऱ्या दिवशी मास्तर गेले. वाडीतली माणसं भीतीनं रानात पांगली. साक्षीला राहिल्या एकट्या बाई.

मुकादम जामिनावर सुटला, आणि नाताळ आला. पाळकसाहेब आपण होऊन बाईंकडे आले. "यंदा तुम्हाला कुणी विचारणार नाही," ते म्हणाले. "यंदा ताट राहू द्या."

"का?" बाई म्हणाल्या. "यंदा वैरी नाही का मला?"

सकाळी करंज्या तळताना मी शेजारी होते. बाई एकेक करंजी झाऱ्यानं तेलात दाबून धरत होत्या. दोन-तीन तर काळ्याठिक्कर झाल्या. मग ताटावर फडकं बांधून आम्ही दोघी खोपोलीच्या गाडीत बसलो आणि उतरून शिळफाट्याला मुकादमाच्या घरी चालत गेलो. तो ओट्यावर कोयत्याला धार लावत बसला होता. बाईंना पाहिलं आणि तो कोयता घेऊनच उभा राहिला. मी मागून बाईंचा पदर ओढला.

"बाई, पुढं येऊ नका," तो म्हणाला. "तुमी मला मारायला आलाव, मला ठावं हाय."

"सकाळपासून मारतेच आहे तुला," बाई म्हणाल्या. "प्रत्येक करंजीला तुझं तोंड तेलात धरलं मी."

"मग आता काय पायजे?"

"आज माझा देव जन्मला. तुमच्यात बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवतात. माझ्या देवाच्या उशाला काही नव्हतं. राजाचे मारेकरी सुटले होते, तरी गव्हाणीत उघडा पडला होता तो. हे त्याच्या घरचं आहे. घे."

ताट ओट्यावर ठेवून बाई तशाच उभ्या राहिल्या. दारात मुकादमाची म्हातारी आई येऊन थांबली होती. तिच्याकडे एकदा बघून त्यानं कोयता खाली ठेवला आणि एक करंजी उचलली. दोन घासांची ती करंजी त्यानं उभ्या उभ्याच खाल्ली.

"म्हंजी मिटलं?" त्यानं विचारलं.

"माझं तुझं मिटलं," बाई म्हणाल्या.

आता एवढं ऐकल्यावर मी कशी गप्प बसणार? दुसऱ्या दिवशी नळावर, तिसऱ्या दिवशी बाजारात सांगितलं, नर्सबाईंनी केस मिटवली हो! बाईंना एका शब्दानं विचारायचं मला सुचलं नाही. देवानं बाईंच्या हातून केवढी मोठी माफी करून दाखवली, या आनंदात मी नुसती सांगत सुटले.

शिमग्यानंतर अलिबागला खटला उभा राहिला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बाईंनी शपथ घेतली आणि सगळं सांगितलं. झाड, पाठ, दांडा, एक, दोन, तीन. मी तर समजून बसले होते, बाई त्याला वाचवणार. मुकादमाचीही तीच समजूत असावी, त्यानं झटकन आपल्या वकिलाकडे पाहिलं. मग तो वकील उठला, गालातल्या गालात हसत.

"नाताळच्या दिवशी तुम्ही आरोपीच्या घरी फराळ घेऊन गेला होता?"

"हो."

"केस मिटली, असं साऱ्या कर्जतला ठाऊक आहे. तुमच्या शेजारणीनंच सांगितलंय." धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं, असं झालं मला. वकील पुढे म्हणाला, "पोटच्या पोराला मारणाऱ्याला कोणती आई करंज्या खाऊ घालते, बाई? मारणारा दुसराच कुणी होता, असंच ना?"

माझ्या तोंडानं मास्तरांचा खून पचणार होता.

"साहेब," बाई म्हणाल्या, "आमच्यात पहिलं ताट वैऱ्याचं असतं. यानं माझं पोर मारलं नसतं, तर मी याच्या दारात कशाला गेले असते? याचा माझा संबंध काय?"

"पण तुम्ही तर माफ केलंत!"

"केलं. माझं होतं ते मी दिलं. पण दांडे पोराच्या अंगावर पडले. तीनाचे दोन म्हणायचा हक्क मला नाही."

वकील आणखी काही विचारणार होता, तेवढ्यात मुकादमानंच आपल्या पिंजऱ्याचा गज धरला. "बाई खरं बोलत्यात," तो म्हणाला. "मीच मारला." वकिलानं त्याला गप्प करायचा पुष्कळ प्रयत्न केला. शिक्षा पुढे झाली, दहा वर्षांची सक्तमजुरी.

बाहेर आलो तेव्हा बाईंचे पाय धरावेत म्हणून मी पुढे झाले, पण माझ्याआधी मुकादमाची म्हातारी त्यांच्या अंगावर आली. तिनं बाईंचा अंबाडा धरून त्यांना पायरीवर आपटलं, गालावर नखं ओढली, छातीवर बुक्क्या घातल्या. "खाऊ घालून बुडिवलंस गं माज्या पोराला! तुज्या देवाला आग लागू दे!" पोलीस धावले. मीही म्हातारीचं मनगट पिरगाळायला हात घातला. बाई खालूनच ओरडल्या, "सोडा तिला. मार्था, तूही सोड. मारू दे."

म्हातारीनं हात गळेपर्यंत मारलं. मग ती तिथंच पायरीवर बसली, धापा टाकत. बाई उठल्या आणि तिच्याजवळ बसल्या. गालावरचं रक्त त्यांनी पुसलं नाही. लोक पांगले, पोलीस आत गेले.

मग म्हातारीनं मान न वळवता विचारलं, "तुज्या पोराचं नाव काय गं होतं?"

इतक्या महिन्यांत त्या घरातून हे कुणी विचारलं नव्हतं.

"योहान," बाई म्हणाल्या, आणि मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा त्यांनी हंबरडा फोडला.