जवळच्या विहिरी

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तंजावुरात, राजवाड्यामागच्या गल्लीत, सायकलच्या दुकानावर आमच्या कंपनीची एक खोली होती. काम सोपं वाटायचं. कावेरीकाठच्या विहिरींचे अक्षांश-रेखांश संगणकात भरलेले होते. गावाचं नाव टाकलं की जवळच्या विहिरी आणि त्यांच्या पाण्याचा खारेपणा पडद्यावर यायचा. यायचा म्हणजे यायला हवा होता. आम्ही खाली कॉफी पिऊन परत आलो तरी यंत्र आपलं घुमतच असायचं.

चेन्नईच्या साहेबांनी फोनवर बजावलं, असंच चाललं तर गिऱ्हाईक जाईल आणि तंजावूरची खोली बंद करावी लागेल. खोली बंद म्हणजे मला गाव सोडावं लागणार. आई गेल्यापासून घरात अप्पा आणि मी दोघंच. आमच्या गल्लीतली, पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेली बाकीची मराठी घरं एकेक करून मुलांमागे निघून गेली होती. अप्पांशी मराठीत बोलणारं माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

मी हट्टाला पेटले. मेमरी वाढवली, अक्षांश-रेखांशावर इंडेक्स, म्हणजे चटकन शोधायची सूची, बांधला, तरी यंत्र ढिम्म. रोज संध्याकाळी अप्पा विचारायचे, "काय गे, पळाल्या का तुझ्या विहिरी?" मला संताप यायचा. ते मात्र देवापाशी दिवा लावून माझ्या विहिरींसाठी खरोखरच हात जोडायचे.

दोष निघाला आमच्याच शहाणपणात. जवळची विहीर शोधायला प्रोग्राम एकूण एक विहिरीचं अंतर त्रिकोणमितीने मोजत बसायचा, आणि इंडेक्स नुसता पडून. शेजारी कोण राहतं हे कळायला कोणी सबंध गावाची दारं ठोठावतं का? मी गावाभोवती एक चौकोन धरला, आधी त्याच्या बाहेरच्या विहिरी गाळल्या आणि आतल्या मोजक्यांचंच अंतर काढलं. एन्टरवरचं बोट उचलायच्या आत उत्तर आलं. त्या दिवशी अप्पांनी स्वतः पायसम केलं आणि गोड जरा जास्तच झालं.

थोड्याच दिवसांत चेन्नईहून फोन आला. आधी शाबासकी. मग, काम आता इतकं झटपट होतंय तर सगळ्या जिल्ह्यांना चेन्नईतलं एकच यंत्र पुरेल, तंजावुरात वेगळी माणसं कशाला, तुम्ही इकडेच या.

मी नोकरी सोडते म्हणाले. गावात दुसरी मिळणार नव्हती, हे अप्पांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. चेन्नईला जायची माझी पेटी त्यांनीच भरली. "मागितलं ते देवानं दिलं की गे," म्हणाले, "आता भांडायचं कोणाशी?" मला देवाशीच भांडायचं होतं.

पुढच्या वर्षी अप्पा गेले, मी पोचायच्या आत. शेजारच्या बाई शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी होत्या. माझा हात धरून त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "खूप बोलले गं शेवटी. सगळं तुमच्या भाषेत. आम्ही नुसतं हो, हो म्हणत राहिलो."