उंबऱ्याजवळचा शंख

कात्रपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये बहुतेक घरांची फरशी एकाच पॉलिशवाल्याने घासली आहे. जिन्यात भेटला की "जय भीम, ताई" म्हणणार आणि खिशातलं, प्लास्टिकमध्ये जपलेलं पेपरचं कात्रण दाखवणार. नर्मदेकाठी नवा डायनासोर सापडला, आणि तोही आपल्या देशातला! कामावर असताना चहा विचारला, तर उत्तर एकच, "काम संपल्यावर."

माझ्या हॉलमध्ये त्याने मशीन लावलं, त्या सकाळी उंबऱ्याजवळच्या पिवळ्या जैसलमेरी दगडात एक वेटोळं दिसलं.

"शंख आहे, ताई. तिकडे पहिले समुद्र होता ना. असे मी लय घासले, डाग समजून. नाहीतर वरून पुट्टी भरली. तेव्हा माहीतच नव्हतं."

मला उशीर होत होता. "मला फरशी साफ पाहिजे," असं तोडून बोलले आणि आनंदनगरला कंपनीत निघून गेले. जेवायची सुट्टी झाली तरी ते वेटोळं डोळ्यांसमोरून हलेना. कोट्यवधी वर्षं टिकलेलं काहीतरी मी घाईघाईत पुसायला सांगून आले होते. शेवटी हाफ डे टाकला.

घरी पोचले तर मशीन बंद. बाकीचा हॉल घासून, धुऊन झालेला. फक्त उंबऱ्याजवळ गोणपाट पसरलेलं होतं. त्याने ते उचललं. शंख तसाच होता.

"एकदा गेला की परत येत नाही, म्हणून शेवटी ठेवला," तो खाली बघत म्हणाला. "बोला, घासू?"

"राहू द्या."

त्याने मशीनची वायर गुंडाळली आणि भिंतीला टेकून ऐसपैस बसला.

"मग संपलं काम. टाका चहा."